साडेपाच ते साडेसहा

खेळाच्या माध्यमातून मुलींसाठी काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात. विचारणाऱ्यांत बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, झालेल्या मुली असतात, समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला असलेले विद्यार्थी असतात, कधी बँकेतली नोकरी सोडू पाहणारी एखादी असते. प्रत्येकीला मी उलट विचारते, तुझ्या घराजवळच्या वस्तीतल्या 13 वर्षांच्या मुलीला संध्याकाळी नेमका कोणता तास मोकळा मिळतो, हे तुला माहीत आहे का? पुष्कळांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. बारा वर्षं हे काम केल्यावर मला तोच मुख्य विषय वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी बडोद्याची. घर दांडिया बाजारात, जुम्मादादा व्यायाम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. हा आखाडा 1880 चा. आजोबा तिथे मल्लखांब करायचे आणि तिथले गुरू प्रोफेसर माणिकराव यांची गोष्ट निघाली की जेवण बाजूला ठेवून सांगत बसायचे. हुतूतूचे नियम ठरवून 1923 मध्ये अखिल भारतीय सामने भरवले गेले ते आमच्याच गावात, हिंद विजय जिमखान्यात. खो-खोसाठी 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळालेले सुधीर परब बडोद्याचेच. इथल्या मराठी घरांना मैदान नवं नाही. आमच्या घरात मात्र मैदानावर गेले ते आजोबा, काका आणि दादा. आई शाळेत खो-खो खेळायची, खांबाला वळसा घालून हुलकावणी देण्यात तिचा हात धरणारी कोणी नव्हती असं तिच्या मैत्रिणी अजून सांगतात. दहावीनंतर तिचा खेळ सुटला. का सोडलास, असं मी एकदा विचारलं, तेव्हा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "सोडला कुठे गं, सवडच झाली नाही."

माझं सगळं काम त्या उत्तराभोवती फिरत आलं आहे. मुलीला 'खेळू नकोस' असं तोंडावर सांगणारी घरं मला फार थोडी भेटली. बाकीच्या घरांत कोणी मनाई करत नाही, पण तिचा दिवस आधीच वाटून टाकलेला असतो. पाणी, धाकटं भावंड, संध्याकाळची भाजी चिरणं, आजीचं औषध. भाऊ रिकामा बसला तर तो खेळायला जातो. बहीण रिकामी बसली तर तिला हाक येते. या क्षेत्रात येऊन तुम्हाला जे काही करायचं आहे, ते त्या हाकेतून एक तास सोडवून घेण्यापासून सुरू होतं.

आता क्षेत्राची थोडी ओळख, कारण मुलाखतीत हे विचारतात. खेळाचा विकास वेगळा आणि विकासासाठी खेळ वेगळा. पहिल्यात चांगली खेळाडू शोधायची, तिला जिल्हा, राज्य, खेलो इंडिया अशी पुढे न्यायची. दुसऱ्यात मैदानावर आलेली प्रत्येक मुलगी तुमची, तिला सूर मारता येवो न येवो. शाळा सुटू नये, लग्न लवकर होऊ नये, स्वतःच्या शरीराची माहिती असावी, चारचौघांत बोलता यावं, यासाठी तिथे खेळ असतो. स्कॉटलंडमधले अभ्यासक फ्रेड कोल्टर 'स्पोर्ट प्लस' आणि 'प्लस स्पोर्ट' असा आणखी एक फरक करतात. पहिल्यात खेळ केंद्रस्थानी असतो आणि त्याला सामाजिक उपक्रम जोडलेले असतात. दुसऱ्यात सामाजिक काम हेच मुख्य, मुलांना गोळा करण्यासाठी खेळ वापरलेला असतो. तुमची संस्था यांतली कोणती, हे पहिल्याच आठवड्यात ओळखा, म्हणजे पुढची निम्मी भांडणं टळतील. खेळलं की आपोआप भलं होतं, या समजुतीवर कोल्टर यांनी कडक टीका केली आहे. नव्या माणसानं ती टीका आधी वाचावी आणि यशोगाथा नंतर, असं मला मनापासून वाटतं.

प्रस्ताव लिहिताना काही तारखा लागतात. शारीरिक शिक्षण आणि खेळ हा मूलभूत हक्क आहे असं युनेस्कोच्या सनदेनं 1978 मध्ये म्हटलं. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या 1979 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, कलम 10 मध्ये, खेळात समान संधी देण्याचं बंधन आहे आणि भारतानं तो करार 1993 मध्ये स्वीकारला. स्त्रिया आणि खेळ यांवरचा ब्रायटन जाहीरनामा 1994 चा. 2015 मध्ये ठरलेल्या शाश्वत विकासाच्या कार्यक्रमपत्रिकेत खेळाचा आणि त्यातून होणाऱ्या स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा स्पष्ट उल्लेख आहे. 6 एप्रिल हा विकास आणि शांततेसाठी खेळाचा आंतरराष्ट्रीय दिवस आपण 2014 पासून साजरा करतो. 1896 मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक सुरू झालं, त्याची ती तारीख. त्या अथेन्समध्ये एकही स्त्री खेळली नव्हती. स्त्रिया आल्या त्या 1900 मध्ये, पॅरिसला. दर 6 एप्रिलला मुलींना मी हे सांगते आणि दर वेळी कोणी तरी विचारतं, "मग त्या बघायला तरी होत्या का?"

जगभरात या कामाचे चांगले नमुने आहेत. नैरोबीच्या मथारे झोपडपट्टीत 1987 पासून फुटबॉल आणि वस्तीची सफाई एकत्र चालली. केनियाच्याच किनाऱ्यावर किलिफीत 2001 मध्ये 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स' खास मुलींसाठी सुरू झालं. दिल्लीत नाझ फाउंडेशननं 2006 मध्ये नेटबॉल घेऊन 'गोल' उपक्रम उभा केला. झारखंडमध्ये रांचीजवळ 2009 मध्ये मुलींचं फुटबॉल घेऊन 'युवा' सुरू झालं आणि 2019 मध्ये त्याला खेळातला जागतिक लॉरियस पुरस्कार मिळाला. आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. हे सगळे अभ्यासा, पण 'किती मुली' एवढंच बघून थांबू नका. खेळाचे नियम त्यांनी कसे वाकवले ते बघा. कोलंबियातल्या मेदेयीन शहरात, 1994 मध्ये आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूचा खून झाल्यानंतर, मुलामुलींच्या मिश्र संघांचं फुटबॉल सुरू झालं. संघाचा पहिला गोल मुलीनं केला पाहिजे, असा त्यात नियम होता. मग मुलांना तिच्याकडे चेंडू द्यावाच लागतो. काबूलमध्ये 2007 पासून 'स्केटिस्तान'नं मुलींना स्केटबोर्डवर उभं केलं. तो खेळ तिथे इतका नवा होता की तो मुलांचाच असं अजून कोणी ठरवलेलं नव्हतं. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार गावी 2015 मध्ये स्केटपार्क झाला, तिथे नियम दोन: शाळेत जाल तरच स्केटिंग, आणि मुली आधी. त्याच गावची आशा गोंड 2018 मध्ये चीनला जागतिक स्पर्धेत जाऊन आली. 'मुलींनाही संधी द्या' असं भाषणात शंभरदा सांगण्यापेक्षा नियमात एकदा लिहिलेलं जास्त टिकतं, हे मी या गावांकडून शिकले.

आता माझी पहिली वस्ती. विश्वामित्री नदीच्या काठची, निम्मी गुजराती, बाकी मराठी आणि उत्तर भारतीय घरं. पटांगण शाळेमागचं. संस्थेनं वेळ ठरवली 6 ते 7, कारण प्रशिक्षक त्याआधी दुसऱ्या वस्तीत असायचे. पहिल्या दिवशी 31 मुली आल्या, तिसऱ्या आठवड्यात 9 राहिल्या. अहवालात मी लिहिलं, 'पालकांमध्ये जागरूकतेचा अभाव'. हे वाक्य आज कोणाच्याही अहवालात दिसलं तर मी खोडते आणि लिहिणाऱ्याला त्या वस्तीत परत पाठवते.

त्या 9 जणींत एक होती, 13 वर्षांची, अंगानं काटकुळी पण पळायला वारा. खो-खोमध्ये खो देताना बसलेलीच्या पाठीवर हात आणि तोंडानं 'खो', दोन्ही एकदम व्हावं लागतं, आणि 'खो' मोठ्यानं म्हणावा लागतो. नुसता हात लावला तर फाऊल. तिचा हात बरोबर पडायचा, ओठही हलायचे, पण आवाज निघायचा नाही. बसलेली मुलगी उठायची नाही, पळणारी निसटायची आणि सगळ्या हिच्यावर ओरडायच्या. मग ती आणखी आक्रसायची. प्रशिक्षक म्हणाले, हिला फक्त पळतीला ठेवू, पाठलागाला बसवूच नको. मी नको म्हटलं. तिच्या दोन्ही बाजूंना मी वर्गातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या मुली बसवल्या आणि बाकीच्यांना सांगितलं की दोन आठवडे हिचा फाऊल मोजायचा नाही. एका गुरुवारी पळणारी तिच्या नाकासमोरून गेली आणि तिच्या तोंडून असा 'खो' निघाला की रस्त्यापलीकडच्या पानाच्या गल्ल्यावरच्या माणसानं मान वर करून बघितलं. बसलेली मुलगी उठायचंच विसरली.

ही गोष्ट मी अहवालात लिहिली आणि ती सगळ्यांना आवडली. पण तिच्यापेक्षा मोठी गोष्ट दोन आठवड्यांनी घडली आणि ती कोणाच्या रकान्यात बसली नाही. सत्र संपलं होतं, फक्की आखायची दोरी मी गुंडाळत होते. ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, छ वाग्ये ना फावे. साडा छए पाणी आवे." सहाची वेळ जमत नाही, साडेसहाला पाणी येतं. मग तिनं बोटांवर मोजून सांगितलं की ज्या 9 जणी येतात, त्यांच्या घरी एक तर स्वतःचा नळ आहे नाही तर मोठी बहीण आहे. ही स्वतः बहिणीला पाण्याला लावून येत होती आणि परत गेल्यावर बोलणी खात होती. ज्या 22 जणी गळाल्या, त्यांच्या आईवडिलांना जागरूकतेची गरज नव्हती, हंडा भरायला माणूस हवं होतं.

मैदानावर ओरडता येणं सोपं नसतंच. पण वेळ ठरवणाऱ्या ताईला 'तुमची वेळ चुकली' असं सांगणं त्याहून अवघड आहे. सक्षमीकरण हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते आणि त्या संध्याकाळसारखं काही दिसलं तरच वापरते.

वेळ बदलून 5:30 ते 6:30 करायला मला ऑफिसशी दोन महिने भांडावं लागलं. वेळ बदलल्यावर मुली परत येऊ लागल्या, पण आता कडेवर भावंडं घेऊन. माझ्या पहिल्या नियमावलीत 'लहान मुलांना मैदानात आणू नये' असं होतं आणि सुरुवातीला मी काहींना त्या नियमावर बोट ठेवून परतही पाठवलं. त्यांतली एक पुन्हा कधीच आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर आम्ही कडुनिंबाखाली सतरंजी टाकली आणि वस्तीतल्याच एका मावशींना लहानांना सांभाळायला महिना 1,500 रुपयांवर ठेवलं. परदेशी देणगीदाराच्या फॉर्ममध्ये चेंडू, शिट्ट्या, जाळी यांना रकाने होते, भावंडं सांभाळणाऱ्या मावशींना नव्हता. पहिल्या वर्षी तो खर्च नामंजूर झाला. दुसऱ्या वर्षी मी हजेरीपत्रकाच्या दोन प्रती जोडल्या, एक मावशी येण्याआधीची, एक नंतरची, आणि पैसे मंजूर झाले. नव्या माणसानं अंदाजपत्रक लिहायला शिकावं ते यासाठी. तुमची मुलींबद्दलची समज कोणत्या ओळीत उतरते, हे तिथेच ठरतं. त्याच फॉर्ममध्ये खेळांच्या यादीत खो-खो नव्हता, तो 'इतर'मध्ये लिहावा लागला. दोन खांब, थोडी फक्की आणि 12 मुलींचा संघ एवढ्यावर चालणारा खेळ स्वस्त असतो. स्वस्त खेळाला पैसे मिळणं कठीण जातं, हेही इथे सांगून ठेवते.

किल्लीची गोष्ट छोटी आहे, पण ती वगळणार नाही. शाळेचं स्वच्छतागृह 5 वाजता बंद व्हायचं आणि किल्ली शिपाईकाकांकडे. पाळी आलेली मुलगी काकांकडे किल्ली मागणार नाही, ती चार दिवस येणारच नाही. आणि चार दिवस गेले की हळूहळू महिना जातो. मुख्याध्यापिकांना भेटून एक किल्ली आम्ही सर्वांत मोठ्या मुलीकडे ठेवली. मासिक पाळीवर मी घेतलेल्या सत्रांपेक्षा त्या किल्लीनं जास्त मुली टिकवल्या. कपड्यांचंही तसंच. चड्डी घालायची की लेगिंग्ज, ओढणी कमरेला बांधायची की घरी ठेवायची, हे त्यांना ठरवू द्या. खेळताना अडकून कोणी पडणार नाही एवढं आपण बघायचं.

घरच्यांना कसं पटवायचं, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात नाही, नवरात्रात मिळालं. बडोद्यात नऊ रात्री मुली मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळतात आणि एरवी सातच्या आत घरात बोलावणारे वडीलच त्यांना सोडायला येतात. मी आयांना विचारलं, हे कसं चालतं? त्या म्हणाल्या, उजेड असतो, सगळा मोहल्ला असतो, आम्ही समोर बसलेल्या असतो. मग मैदानालाही उजेड हवा, ओळखीचे चेहरे हवेत आणि आयांना बसायला जागा हवी. आम्ही दोन दिवे लावून घेतले, बाक मागितले आणि दर शनिवारी आयांना चहाला बोलावलं. तिसऱ्या शनिवारी एक काकू उठून खो-खोच्या पाटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला पण खो दे गं." घरी जाऊन 'समुपदेशन' करण्याचा सल्ला मी आता कोणालाच देत नाही. घरच्यांना मैदानावर आणा. आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, दोन-तीन दिवसांत सराव ठेवू नका, सगळं गाव गच्चीवर असतं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा हे सगळं वाहून गेल्यासारखं झालं. पटांगणावर चिखल, शाळेत गाळ, घरांत काहीच धड नाही. अशा वेळी खेळाचं नाव कसं काढायचं, म्हणून मी गप्प होते आणि मदतीच्या रांगेत पाकिटं वाटत होते. रांगेतल्या मुलींनीच विचारलं, दीदी, परत कधी? पुरानंतर त्यांच्यावर कामाचा डोंगर होता आणि तेवढा एक तास त्यांना परत हवा होता. आम्ही एका वाडीच्या गच्चीवर खो-खोऐवजी लंगडी सुरू केली. आपत्तीत मुलींचा तास सगळ्यांत आधी जातो आणि मागितला नाही तर परत मिळत नाही. तुमच्या योजनेत त्याची तरतूद असू द्या.

पैशांबद्दल. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 मुळे मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावर खर्च करावा लागतो आणि सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यतेच्या, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण येतं. तिथून बराच निधी मिळतो. एका कंपनीनं आम्हाला 40 टी-शर्ट, एक रविवारची स्पर्धा आणि भरपूर फोटो दिले, वर्ष संपलं आणि निधीही संपला. मुलींनी पुढचे कित्येक महिने ते टी-शर्ट घालून विचारलं, पुढचा सामना कधी? त्यानंतर निदान तीन वर्षांची खात्री असल्याशिवाय मी नवी वस्ती सुरू करत नाही. मुलींना एकदा दिलेला तास काढून घेणं हे न देण्यापेक्षा वाईट आहे.

आता जे सांगणार आहे ते सर्वांत महत्त्वाचं. प्रशिक्षक आणि मुलगी यांच्यात अधिकाराचं अंतर फार असतं. मी काम केलेल्या एका ठिकाणी एक प्रशिक्षक रात्री मुलींना एकेकटे मेसेज करायचा. एका मुलीनं मला फोन दाखवला. वरिष्ठ म्हणाले, चांगला कोच आहे, समज देऊ, बाहेर बोलू नका. मी तक्रार लेखी केली आणि पुढे ती नोकरी सोडली. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांच्या लैंगिक शोषणाची माहिती असूनही न कळवणं हा गुन्हा आहे, हे मला तेव्हा पाठ नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवसाआधी पाठ करा. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर प्रत्येक मुलीला माहीत असावा. नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही विचारा: बालसुरक्षेचं लेखी धोरण आहे का, तक्रार कोणाकडे करायची, प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासता का, एकटा मोठा माणूस एकट्या मुलीबरोबर राहणार नाही असा नियम आहे का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर तिथे जाऊ नका, पगार कितीही असो.

मोजमाप, ज्याला ऑफिसात सगळे एम अँड ई म्हणतात, ते टाळू नका. पण 'तुझा आत्मविश्वास वाढला का?' असले प्रश्न विचारू नका, मुली तुमच्या प्रेमापोटी हो म्हणतात. मी चार गोष्टी बघते. परीक्षेच्या आणि लग्नसराईच्या महिन्यात कोण टिकली. गळालेल्या प्रत्येक मुलीचं नाव आणि कारण, तिच्याच शब्दांत. सत्राची वेळ, खेळ, संघनायिका यांतलं काय मुलींनी बदलायला लावलं. आणि मैदानापर्यंत कोण एकटी येऊ लागली. या आकड्यांचे आलेख देखणे होत नाहीत. देणगीदाराला समजावून सांगितले तर ते मानतात, निदान चांगले मानतात.

मुलग्यांना विसरू नका. फक्त मुलीला धीट करायचं आणि पटांगण, गल्ली, घर तसंच ठेवायचं, हा तिच्यावर टाकलेला आणखी एक भार आहे. आम्ही आठवड्यातून एक दिवस मिश्र सामना ठेवतो, पंचाशिवाय. आधी बसून नियम ठरवायचे, नंतर बसून कोण कसं वागलं ते बोलायचं. 'फुटबॉल 3' नावानं ही पद्धत बऱ्याच देशांत चालते, आम्ही ती खो-खोला लावली.

एक प्रश्न हल्ली फार येतो. डिसेंबर 2024 मध्ये कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर भारत आणि वेस्ट इंडिजच्या महिलांचे एकदिवसीय सामने झाले, फेब्रुवारी 2025 मध्ये महिला प्रीमियर लीगची सुरुवातही तिथेच झाली. बडोद्याकडून खेळलेल्या राधा यादव आणि यास्तिका भाटिया टीव्हीवर दिसतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं आणि कर्णधार होती प्रियांका इंगळे. आता वडील येऊन विचारतात, माझी मुलगी तिथे पोहोचेल का? त्यांना खोटी आशा दाखवू नका. मी सांगते, पोहोचणाऱ्या फार थोड्या. तिच्यात ते दिसलं तर मी तुम्हाला योग्य प्रशिक्षकाकडे नेईन. आणि दिसलं नाही तरी तिला रोज पाठवा. बहुतेक वडील हे ऐकून घेतात.

शिक्षणाचं काय? मी वाणिज्य शाखेतून पदवी घेतली आणि इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. खेळाकडून येत असाल तर ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, 1957 पासूनची. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही उपयोगी. विकासाकडून यायचं तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. परदेशात एडिनबरो विद्यापीठात खेळ-धोरण आणि आंतरराष्ट्रीय विकास यांवर एम.एस्सी. आहे. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून आधी वस्तीत दोन वर्षं काढा. ती दोन वर्षं नसतील तर परदेशातल्या वर्गात तुमच्याकडे सांगण्यासारखंही काही नसेल. बडोद्यात राहून काम करायचं तर गुजराती बोलायला शिका. मुली तुमच्याशी हिंदीत बोलतील, पण मनातलं गुजरातीत निघतं. प्रथमोपचार आणि हिशेब शिका. इंग्रजी अहवाललेखन महत्त्वाचं आहे, पण ते सहा महिन्यांत जमतं.

पगार सुरुवातीला कमी. माझा पहिला महिना 9,000 रुपयांचा होता आणि घरच्यांनी तीन वर्षं सांभाळलं, हे मी लपवत नाही. ज्यांना तसा आधार नाही त्यांनी शाळेतली क्रीडा शिक्षकाची नोकरी धरून संध्याकाळचं काम करावं, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या ओळखीतलं सर्वांत टिकाऊ काम अशाच शिक्षकांचं आहे. संध्याकाळी काम म्हणजे तुमचीही संध्याकाळ जाते. मी दोन मुलांची आई आहे आणि माझा साडेपाच ते साडेसहाचा तास सासूबाईंनी सोडवून दिला आहे. त्यांचं नाव कोणत्याही अहवालात नाही, म्हणून इथे लिहिते.

पाण्याची वेळ सांगणारी ती मुलगी आज 24 वर्षांची आहे. बारावी झाली, बी.पी.एड. झाली, आता त्याच पटांगणावर प्रशिक्षक आहे. गेल्या महिन्यात मी गेले तर पाट्या आखलेल्या, पण मैदान रिकामं. मला वाटलं काही बिनसलं. ती म्हणाली, "ताई, मी सकाळी सहाची बॅच सुरू केली. संध्याकाळचा तास आता ट्यूशननं खाल्ला." कोणाला विचारून बदललं, असं मी विचारलं. तिनं 27 सह्यांचा कागद माझ्या हातात दिला.